गाळलेली ओळ

आधी माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. आठवीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे ना कुठे घसरणारच. जड शब्द मला येत नाहीत, रोज बोलतो तेच लिहिणार. काँप्युटरकडून हे सगळं मोठ्याने वाचून घेतलं असतं तर निम्म्या चुका कानालाच कळल्या असत्या. पण ते मी करणार नाही. का, ते पुढे येईलच.

आणखी एक. ज्याची ही गोष्ट आहे त्याला मी 'तो' म्हणणार आहे. 'मी' लिहायला घेतलं की माझा हात अडतो.

१

त्याच्या घरात वाचायचं काम आईचं होतं.

वडील छापखान्यात जुळारी होते. शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळीत बसवायची, हे त्यांचं काम. आई त्याच छापखान्यात वाचनाला होती. ती मूळ कागद मोठ्याने वाचायची आणि वडील समोर छापलेला कागद धरून तपासायचे. छापखाना लहान, त्यामुळे जुळवणारा आणि तपासणारा एकच. एक शब्द जरी गळाला तरी वडिलांची पेन्सिल टेबलावर टक् करून वाजायची, आणि आई तिथेच थांबायची. "लग्नाआधी आम्ही जे काही बोललो ना, ते सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं होतं," असं ती हसून सांगायची.

पुढे वडिलांची नजर गेली. एकदम नाही, कडेकडेने, खोलीतले दिवे कोणी एकेक करून मालवावेत तशी. घरात कमावतं कोणी तरी हवं होतं, ताईचं लग्न झालेलं, म्हणून त्याची शाळा सुटली आणि तो काँप्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागला. संध्याकाळी आई वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची.

पण छापखान्यातलं वाचणं वेगळं आणि घरातलं वेगळं. घरी ती ओळी सोडायची. कोणाचं निधन, कुठे आग, ओळखीच्या कोणाचं काही वाईट. अशी ओळ आली की ती नाकाने एक छोटा श्वास आत घ्यायची, त्या ओळीवर बोट आडवं ठेवायची आणि पुढच्या ओळीवर जायची. तो समोर बसलेला असला तर त्याच्याकडे बघून भुवई उडवायची, म्हणजे, गप्प बस. हे दोघांचं गुपित होतं. बाबांना काही कळत नाही, हे दोघांनी धरूनच चाललेलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी आई गेली.

वर्तमानपत्र येतच राहिलं. ते बंद करणं सगळ्यांच्याच जिवावर यायचं. दाराशी घड्या साचत गेल्या. वडील खिडकीपाशी बसून राहायचे. ताट पुढे ठेवलं तर दोन घास खाऊन बाजूला सारायचे. दाढी वाढली. ताई रविवारी यायची, स्वयंपाकघरात त्याला गाठून म्हणायची, "छोट्या, असंच चाललं तर बाबा पुढचं वर्ष बघायचे नाहीत. काहीतरी कर."

तो वाचून दाखवू शकत नव्हता असं नाही. पण त्याचं वाचणं अडखळत चालायचं. जोडाक्षर आलं की जिना चढल्यासारखं. दोनदा त्याने प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा वडिलांनी हळूच हात वर करून म्हटलं, "राहू दे. दमलास." त्याला इतकी लाज वाटली की तिसऱ्यांदा त्याने पेपर हातात धरला नाही.

मग त्याने दुकानातलं एक जुनं मशीन उस्तादकडून मागून आणलं. उस्ताद म्हणजे दुकानाचा मालक. त्यावर वाचून दाखवणारा प्रोग्राम चढवला. वडिलांच्या बोटाला कळावं म्हणून एका कळीवर डिंकाचा टिपका वाळवून ठेवला. ती कळ दाबली की स्क्रीनवर जे असेल ते मशीन वाचणार, आणि वाचला जाणारा शब्द पिवळ्या पट्टीने उजळणार. ती पट्टी वडिलांच्या काही कामाची नव्हती. ती तशीच असायची.

वडिलांनी दोन मिनिटं ऐकलं.

"ही कोण?"

"काँप्युटर आहे, बाबा."

"काँप्युटर ते कळलं. ही बाई कोण? फलाटावरची वाटते. आता म्हणेल, गाडी अर्धा तास उशिराने धावत आहे."

आठ महिन्यांत त्यांनी केलेला हा पहिला विनोद होता. पण कळ काही त्यांनी पुन्हा दाबली नाही.

२

"आवाज बदल की मग," उस्ताद म्हणाला. तोंडात स्क्रू धरून बोलायची त्याला सवय होती. "पंडित, तुला सगळं मीच सांगायचं का?" आठवीत शाळा सोडली म्हणून तो त्याला पंडित म्हणायचा. त्यात खवचटपणा होता, पण वाईट नव्हता.

त्या दिवशी दुकानातून लवकर येऊन तो मशीनपुढे बसला. सेटिंगमध्ये आवाजांची यादी होती. पहिली ती फलाटावरची. दुसरा एक पुरुष, भाषणाला उभा राहिल्यासारखा. तिसरी एक मुलगी, सारखी हसतेय असं वाटणारी. चौथ्या ओळीत नाव नव्हतं, नुसतं 'आवाज ४' एवढंच. त्याने तो लावून पाहिला.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. तो आवाज आईसारखा नव्हता. अजिबात नव्हता. सपाट होता, थोडा घोगरा, ना तरुण ना म्हातारा. पहिल्यांदा ऐकून त्याच्या अंगावर काटा-बिटा काही आला नाही. त्याला एवढंच वाटलं, ही घाई करत नाही.

त्याने खूण केली: कायम हाच आवाज. मग वडिलांना हाक मारली.

वडिलांनी हवामान ऐकलं. मग नगरपालिकेची एक लांबलचक बातमी ऐकली. मग खुर्ची पुढे ओढली.

"ही बरी आहे," ते म्हणाले.

आठवड्याभरात घर बदललं. वडील सकाळी दाढी करायला लागले. तो दुकानातून परत आला की त्याला दिवसभराच्या बातम्या तेच सांगायचे. जेवताना बोलायचे. एकदा तर भाजीला मीठ कमी पडलं म्हणून रागावले, आणि त्याला इतका आनंद झाला की तो मीठ आणायला उठला तो स्वयंपाकघरातच दोन मिनिटं उभा राहिला. ताई फोनवर म्हणाली, "काय जादू केलीस रे?"

"आवाज बदलला," तो म्हणाला.

३

श्वास त्याने पहिल्यांदा ऐकला तो गुरुवारी, दात घासताना. नळ बंद केला, आणि बाहेरच्या खोलीत मशीन वाचत होतं. 'पूल दुरुस्तीसाठी बंद राहील,' असं काहीतरी. मग एक छोटा श्वास, आत घेतलेला. मग पुढची बातमी.

त्याला वाटलं, खालची लाँड्री. तळमजल्यावर कपड्यांची लाँड्री होती, तिथल्या वाफेच्या इस्त्रीचा फुस्कारा जिन्यातून वर यायचा. बरं, हा तसा नव्हता, तो फुस्कारा बाहेर सुटणारा आणि हा आत ओढलेला. पण जिन्यातून येता येता आवाजाचं काहीही होऊ शकतं, असं त्याने स्वतःला समजावलं.

दुसऱ्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, पंखा. मशीन जुनं, आत धूळ, पंखा मध्येच अडकत असणार. तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्याने वडिलांना चार तासांचा वायदा करून मशीन काखोटीला मारलं आणि दुकानात नेलं.

उस्तादने खोलून पाहिलं. पंखा बदलला. स्पीकर बदलला. मग कोपऱ्यातला एक जाहिरातीचा कागद बघून चार ओळी टाइप केल्या आणि वाचायला लावल्या. गाद्यांवर भारी सवलत, जुनी गादी देऊन नवी न्या. आवाज चारने सगळं सरळ वाचलं. श्वास नाही.

"कुठेय?" उस्ताद म्हणाला.

"घरी येतो."

"घरी तर मलाही धाप लागते, बायको समोर आली की." मग त्याच्या तोंडाकडे बघून उस्तादने तोंडातले स्क्रू काढून हातात घेतले. हे तो फार क्वचित करायचा. "पंडित, आई गेली की असं होतं. माझ्या वेळी मला वर्षभर बांगड्या ऐकू यायच्या. जा घरी. उद्या उशिरा आलास तरी चालेल."

तो मशीन घेऊन जिना चढला. त्याला बरं वाटलं होतं. आपलंच मन आहे, हे कळलं की बरं वाटतं. मन काय, आज ना उद्या ताळ्यावर येतं.

वडील दारातच उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"झालं? काही बदललं नाहीस ना तिचं?" त्यांनी विचारलं.

"नाही. पंखाच बदलला."

वडिलांनी मशीनच्या डब्यावर हात ठेवला, पाठीवर ठेवावा तसा, आणि त्याला वाट करून दिली.

४

रविवारी लाँड्री बंद असते. जिन्यात चिटपाखरू नसतं. ताईला त्या रविवारी यायला जमलं नव्हतं. त्याने ठरवलं, आज सोक्षमोक्ष लावायचा.

मशीनवर जे वर्तमानपत्र उघडायचं तेच छापलेलं दाराशी आलेलं होतं. त्याने ते उचललं, वडिलांच्या मागे स्टूल घेऊन बसला, आणि मशीन वाचेल तसं छापलेल्या ओळींवरून बोट फिरवायला लागला. वडिलांच्या हातात चहाचा कप होता.

त्याचं वाचणं हळू. पण आवाज चारलाही घाई नव्हती. दोघांची पावलं जुळली म्हणायची. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या पानावर खालच्या कोपऱ्यात छोट्या छोट्या बातम्या होत्या. वाचनालयाची नवी वेळ. हरवलेला कुत्रा.

आणि श्वास.

मग, फुटबॉलचा निकाल.

त्याचं बोट कुत्र्यावरच राहिलं होतं. कुत्रा आणि फुटबॉल यांच्यामध्ये तीन ओळी होत्या. त्या त्याने ओठ हलवत वाचल्या. जुन्या छापखान्यातला यंत्रावरचा माणूस, ज्याला सगळे लंबू म्हणायचे, शुक्रवारी गेला होता. लंबू वडिलांचा दोस्त. त्याच्या खांद्यावर बसून ताई लहानपणी छापखाना बघायची.

त्याने मान वर करून स्क्रीनकडे पाहिलं. तिथेही त्या तीन ओळी होत्या. पिवळी पट्टी फुटबॉलवर चालली होती.

कधी कधी प्रोग्राम ओळी सोडतो. अक्षरांचा आकार लहान असला, रकाना अरुंद असला तर सोडतो. हे त्याला धंद्याने माहीत होतं, आणि तो स्टुलावर बसून मनातल्या मनात ते स्वतःला सांगत राहिला. पण सबंध पानावर नेमक्या ह्याच तीन ओळी? गुरुवारी पूल बंदच्या पुढे काय होतं? त्याने साचलेल्या घड्यांतून गुरुवारचा पेपर ओढून काढला. पुलाच्या खाली एक अपघात होता. दोन लहान मुलं.

त्याला आता खोली मोठी वाटायला लागली होती. म्हणजे खोली तीच, पण आपण दोघंच इथे आहोत, याची जी एक खात्री असते ती राहिली नव्हती.

वडिलांना सांगायला हवं होतं. 'बाबा, लंबूकाका गेले.' एवढंच तर वाक्य. पण त्याला जाणवलं की आपण ओठ मिटून, भुवया थोड्या वर करून बसलो आहोत, इतकी वर्षं बसायचो तसे. सवयच ती. आईने ओळ सोडली की आपण गप्प बसायचं.

तो गप्प बसला. वर्तमानपत्राची घडी घातली आणि पलंगाखाली सरकवून दिली.

वडिलांच्या हातातला कप मात्र ओठांपाशी तसाच थांबला होता, श्वास आला तेव्हा जिथे होता तिथेच. मग त्यांनी तो न पिता खाली ठेवला.

५

वडिलांना महिनाभर खोकला होता. वजन उतरलं होतं, ते सगळ्यांनी न जेवण्याच्या खात्यावर टाकलेलं. पण आता ते जेवत होते आणि तरी पँट ढिली होत होती. ताईने त्यांना दवाखान्यात नेऊन छातीचा फोटो काढून आणला, आणखी काय काय तपासून आणलं. अहवाल मशीनवर येणार होता.

गुरुवारी दुपारी ताईचा फोन आला. "आलाय म्हणे. छोट्या, उघड आणि मला सांग. आधी मला सांग हं. बाबांना नंतर."

तो दुकानातून धावत घरी आला. वडील मशीनपुढे बसलेच होते. खिडकीतून उन्हाची तिरीप टेबलावर पडली होती, आणि डिंकाचा टिपका मण्यासारखा चमकत होता.

"आला ना?" वडील म्हणाले. "उघड. ती वाचेल."

"बाबा, मी आधी—"

"ती वाचेल."

त्याने कागद स्क्रीनवर उघडला. त्याला घाम फुटला होता, आणि तो ह्या अहवालामुळे नव्हता. दीड वर्षापूर्वी ह्याच टेबलावर आईने तिचा स्वतःचा अहवाल वाचला होता. मोठ्याने, वडिलांना. तो इथेच उभा होता, पाण्याचा ग्लास घेऊन. तिने वाचता वाचता श्वास घेतला, बोट आडवं ठेवलं, त्याच्याकडे बघून भुवई उडवली, आणि पुढे वाचलं, "काळजीचे कारण नाही." त्याने बोटाच्या कडेने दिसणारी दोन अक्षरं पाहिली होती. जोडाक्षर होतं. ते त्याला वाचता आलं नाही. मग ते विचारायचं राहून गेलं. मग सहा महिने गेले, मग दवाखाना, मग काही विचारण्यासारखं उरलंच नाही.

वडिलांनी कळ दाबली.

आवाज चारने नाव वाचलं, वय वाचलं, तारीख वाचली. हृदयाचा आकार सामान्य. डावे फुप्फुस स्वच्छ.

श्वास.

"हाडांमध्ये दोष आढळला नाही."

"थांब," वडील म्हणाले.

ते त्याला नव्हतं म्हटलेलं. मशीन थांबलं. म्हणजे वडिलांचं बोट कळीवर असणार, थांबवण्यासाठीही तीच कळ दाबायची असते. त्याने बोट पाहिलं नाही.

"डावं सांगितलं," वडील शांतपणे म्हणाले. "उजवं कुठेय?"

वडिलांनी मान त्याच्याकडे वळवली.

"रविवारी लंबूच्या वेळीही असंच केलं हिने. लंबूच होता ना? तू मागे पेपर धरून बसला होतास. पानं वाजत होती. मग एकदम वाजायची थांबली."

"बाबा, तुम्हाला—"

"अरे, मी तीस वर्षं गळलेले शब्द पकडले. ती श्वास घ्यायची तेव्हा मला कळायचं, आता एक ओळ जाणार. घरात चालेल म्हटलं. तिला वाटतंय मला त्रास होऊ नये, तर होऊ दे तिच्या मनासारखं. पहिल्या दिवसापासून कळायचं." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला, उपयोग नसलेल्या डोळ्यांवरून. "तिचा कागद तिने वाचला तेव्हाही श्वास आला होता. मी इथेच बसलो होतो. छापखान्यात एक अक्षर सोडू दिलं नाही मी तिला. टक् करायचो. आणि त्या दिवशी... नाही केलं. म्हटलं, काय असायचंय. सवयीने सोडली असेल."

तो म्हणाला, "मी पाहिलं होतं, बाबा. मला वाचता नाही आलं."

खाली लाँड्रीतली इस्त्री एकदा सुस्कारली, आणि त्याला आता तो आवाज किती वेगळा आहे ते अगदी नीट कळलं.

मग वडिलांनी टेबलावर बोटाच्या हाडाने टक् केलं.

"परत वाच," ते मशीनला म्हणाले, आणि कळ दाबली.

हृदयाचा आकार सामान्य. डावे फुप्फुस स्वच्छ. श्वास. हाडांमध्ये दोष—

टक्. "परत."

डावे फुप्फुस स्वच्छ. श्वास. ह्या वेळी पुढे थोडं थांबून, जवळजवळ विनवल्यासारखं, "हाडांमध्ये—"

टक्.

तिसऱ्यांदा श्वास आत घेतला गेला, आणि सुटलाच नाही. कोणीतरी श्वास धरून ठेवावा तशी ती शांतता होती. तो स्क्रीनजवळ वाकला. ओळ स्वतःच वाचावी म्हणून वाकला. पण ओळ दिसेना. पिवळी पट्टी एका शब्दावर असते, शब्द झाला की पुढच्या शब्दावर सरकते. ती आता सबंध ओळीवर आडवी पडली होती. अक्षरं तिच्याखाली बुडाली होती. आणि पट्टीच्या कडा सरळ नव्हत्या. एका टोकाला ती किंचित निमुळती होती आणि मधे दोन ठिकाणी, पेरांपाशी असतो तसा, फुगवटा होता.

पळून जावंसं त्याला वाटलं नाही. नंतर त्याला ह्याचंच नवल वाटत राहिलं. त्याला फक्त खूप रडू येत होतं.

"आई," तो म्हणाला. "बोट काढ ना."

काही झालं नाही.

"मी वाचतो. मला येईल. काढ."

श्वास सुटला. लांब, हळू, टेबलावरचा बारीक कागद हलावा इतका. तो स्पीकरमधून आला की नाही हे त्याला आजही सांगता येणार नाही. पट्टी गेली.

"उजव्या," त्याने वाचलं. "उजव्या फु... फुप्... फुप्फुसात."

"घाई नको," वडील म्हणाले. "शब्द सोडू नकोस."

"उजव्या फुप्फुसात मोठी गाठ. पस... पसरलेली असण्याची शक्यता. रुग्णास तात्... तातडीने दाखल करावे."

"पूर्णविराम आहे?"

"आहे."

"हं," वडील म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, आणि त्याचा खांदा सापडेपर्यंत हवेत चाचपडत राहिले. "बरोबर वाचलंस."

मग ताईचा फोन वाजायला लागला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ताई गाडी घेऊन येणार होती. तो सहालाच उठला. वडिलांची पिशवी भरली: दोन सदरे, टॉवेल, दाढीचं सामान. चहा केला. मग मशीनपुढे बसला, आवाजांची यादी उघडली आणि पहिल्या आवाजावर खूण केली. कायम हाच.

तो परत तपासून घेणारा माणूस, धंदाच तो. त्याने अहवाल उघडला आणि कळ दाबली. फलाटावरच्या बाईने डावं वाचलं, उजवं वाचलं, गाठ वाचली, दाखल करावे वाचलं, सगळं एका सुरात, गाडी अर्धा तास उशिराने धावत असल्यासारखं. कुठेही अडली नाही.

"बदललंस?" वडिलांनी आतून विचारलं.

"हो. परत लावू का ती?"

वडील बाहेर आले. कपडे घालून तयार होते, बटणं बरोबर लावलेली. खुर्चीत बसले. "नको," ते म्हणाले. "तिला फार जड जातंय ते."

त्याने मशीन बंद केलं, भिंतीतून वायर काढली आणि गुंडाळून टेबलावर ठेवली.

"रविवारचा पेपर टाकलास की आहे?"

पेपर पलंगाखालीच होता. त्याने तो काढला, धूळ झटकली, तिसरं पान उघडलं. वडिलांनी खिशातून पेन्सिल काढून हातात धरली. ती कधीपासून त्यांच्या खिशात होती कोणास ठाऊक.

तो स्टूल घेऊन त्यांच्या समोर बसला आणि वाचायला लागला. वाचनालयाची नवी वेळ वाचली, अडखळत, सगळी जोडाक्षरं चढून. हरवलेला कुत्रा वाचला, पांढरा, डाव्या कानावर ठिपका, सापडल्यास कळवावे.

मग खालची ओळ आली, आणि खोलीत कोणीतरी छोटा श्वास आत घेतला.

त्याने टेबलाकडे पाहिलं. वायर गुंडाळलेली होती, स्क्रीन काळा. त्याने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पेन्सिल टेबलाच्या थोडी वर धरली होती, आणि त्यांचा चेहरा त्याच्याकडे नव्हता, बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे होता.

वडीलधारं माणूस बोलायचं थांबावं म्हणून आपण थांबतो, तेवढा तो थांबला.

मग त्याने ती ओळ वाचली.